सुरू झालीय, पण जा

शाळेचं फाटक अर्धवट लोटलेलं होतं. लक्ष्मी रस्त्याची गर्दी सोडून एक गल्ली आत शिरलं की पेठेत अजून अशा शाळा भेटतात. मधोमध झिजलेल्या दगडी पायऱ्या, भिंतीवर ऑइल पेंटनं रंगवलेले सुविचार, आणि पोरं घरी गेल्यावरही वर्गांतून येणारा खडूचा नि ओल्या दप्तरांचा वास. पावसाची भुरभुर चालू होती. मी फोनमध्ये लिहून घेतलेला पत्ता पुन्हा पुन्हा वाचत होते. दादा माझ्या मागे, रस्त्याकडे तोंड करून उभा. कुठं बोर्ड नाही, बाण नाही, साधी चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली नाही. फाटकाशी स्टुलावर शिपाईमामा तंबाखू मळत बसले होते. "मामा, इथं संध्याकाळी काही..." एवढंच मी बोलले असेन. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि म्हणाले, "वरचा मजला, डाव्या हाताची शेवटची खोली. सुरू झालीय, पण जा."

हे 'पण जा' अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला दादा पहिल्यांदाच निघाला होता, आणि त्या दिवशीचा उशीर त्यानं हळूहळू, जपून जमवत आणला होता. धायरीहून निघताना त्याला शर्ट बदलायचा होता. सिंहगड रस्त्यावर बस अडकली, त्यात त्याचा दोष नव्हता, पण त्याचा चेहरा मात्र सैल झाला. स्वारगेटला उतरल्यावर चहा हवा झाला. मग चप्पल चावायला लागली. सात वाजून गेले होते, आणि "आता मध्येच कशाला जायचं, लोक बघतील, पुढच्या आठवड्यात वेळेवर येऊ" हे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन थांबलेलं मला दिसत होतं. पुढच्या आठवड्याच्या भरवशावर आमच्या घरानं वर्षं काढली आहेत. मामांनी ते वाक्य तो बोलायच्या आधीच काढून घेतलं. कोण, कुठले, कशासाठी आलात, काही विचारलं नाही. त्यांना कसं कळलं याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, त्या फाटकाशी येणारे सगळे असेच उभे राहत असणार. एकाची नजर फोनमध्ये, दुसऱ्याची परतीच्या रस्त्यावर. त्यांनी अशी किती माणसं पाहिली असतील, आणि त्यातली किती जिन्यापर्यंत न पोचता गेली असतील. दादा वळला आणि जिना चढायला लागला. मी खालीच थांबले. मला वर जाता येणार नाही, हे फोनवरच सांगितलेलं होतं.

आमचा दादा श्रावण पाळायचा. गटारीला मित्रांबरोबर जे व्हायचं ते व्हायचं, पण श्रावण लागला की थेंब नाही. सकाळी आंघोळ करून देवापुढं उभा राहायचा, सोमवार धरायचा, भोसरीहून सुटला की थेट घरी यायचा, मुलांना घेऊन सारसबागेत जायचा. गणपतीतही शुद्ध. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "मनात आणलं की सोडतो हो माझा मुलगा." सगळ्या घरानं त्या महिन्याकडं बोट दाखवून उरलेले महिने काढले. जो श्रावण पाळतो तो दारुडा कसा असेल? विसर्जनाची मिरवणूक पुढं सरकली की दोन दिवसांत तो पुन्हा रात्री उशिरा यायला लागायचा, आणि आई म्हणायची, संगत वाईट. थांबणं त्याला येत होतं, थांबून राहणं येत नव्हतं, आणि या दोहोंमध्ये किती मोठं अंतर असतं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं पुढं तर श्रावणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे हात असे थरथरायचे की बशीत चहा सांडायचा. रात्री घामानं उशी भिजायची. आई म्हणायची, उपासानं पित्त झालंय.

उपाय सांगणारी माणसं आपल्याकडं कमी नसतात. मावशीनं माळ घालायला सांगितलं. काकांनी अंगारा आणून दिला. कुणीतरी वहिनीला एक पुडी आणून दिली, 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' असं भिंतींवर लिहिलेलं असतं ना, त्यातली. वरणात मिसळायची, कळतसुद्धा नाही म्हणे. वहिनी शहाणी, ती पुडी घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेली. ते खूप चिडले. पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नाही, म्हणाले. डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून ती तपासण्या करून, त्या माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते. नकळत कुणाला काही देणं हा उपचारच नव्हे. अशा जाहिराती आजही पुण्याच्या भिंतींवर आहेत आणि त्या वाचून कुणाची तरी बायको आज संध्याकाळी वरणात काहीतरी कालवत असेल, या विचारानं माझा जीव कासावीस होतो.

माळेबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. दादाच्याच कारखान्यातल्या एका फिटरनं माळ घातली आणि तो खरोखर सुटला. मी त्याच्याकडं बारकाईनं पाहत आले आहे. त्याला एकादशी मिळाली, गुरुवारचं भजन मिळालं, आषाढात चालायला दिंडी मिळाली. म्हणजे संध्याकाळी जायला एक जागा मिळाली, आणि तो आला नाही तर "काय हो माउली, काल दिसला नाहीत" असं विचारणारी माणसं मिळाली. दादाचा पिंड तसा नाही. त्याला टाळ हातात धरला की लाज वाटते. त्याला दुसरी जागा हवी होती, एवढंच.

मग एका वर्षी कावीळ झाली, आणि दवाखान्यात भरती केल्यावर दुसऱ्या रात्री फिट आली. दारू एकदम बंद झाली की शरीर असं उसळतं, हे तिथल्या नर्सनं मला जिन्यात सांगितलं. भास होणं, माणसं न ओळखणं, हे बहुतेक शेवटच्या पेल्यानंतर दोन-तीन दिवसांत सुरू होतं, म्हणून रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी हट्टानं सोडायला जाऊ नये. सलाइनमधून बी-वन जीवनसत्त्व गेलं, शांत ठेवणारी औषधं गेली, आणि हळूहळू दादा दादासारखा दिसायला लागला. घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं: मद्यपान पूर्ण बंद. त्याखाली लिव्हरच्या तपासणीची तारीख. तो कागद मी पुष्कळ वेळा वाचला. कारखाना सुटल्यावर, सातच्या सुमाराला, जेव्हा हात आपोआप खिशातल्या पैशांकडं जातात, तेव्हा या माणसानं कुठं जायचं ते त्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्या चार अक्षरांखाली एक पत्ता आणि एक वार छापायला कितीशी शाई लागते? हे मी रागानं लिहिते आहे आणि राग माझा खरा आहे.

एका रात्री गॅलरीत कपडे काढताना दादा म्हणाला, "ती कुठंतरी मीटिंग असते म्हणतात ना. बघ ना कुठं असते." एकदाच म्हणाला, माझ्याकडं न बघता. मी हातातले कपडे तसेच टाकून आत गेले. पुण्यात मुक्तांगणचं नाव कुणाला सांगावं लागत नाही. पुलं-सुनीताबाईंच्या मदतीच्या आधारानं अवचट पतिपत्नींनी १९८६ साली उभं केलेलं, येरवड्याचं व्यसनमुक्ती केंद्र. पण तिथं राहायचं म्हणजे महिन्याहून जास्त रजा हवी आणि त्याची सगळी रजा दवाखान्यात संपली होती. 'भरती' या शब्दानंच तो मागं सरत होता. व्यसनमुक्तीसाठीचा सरकारचा १४४४६ हा टोल फ्री नंबर मला तेव्हा ठाऊक नव्हता. मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडलेल्या नि सोडू पाहणाऱ्यांच्या गटांचा, पुण्यात सगळे नुसतं ए.ए. म्हणतात त्यांचा, एक नंबर मिळाला. पलीकडं एका माणसाचा आवाज आणि त्याच्या मागं कुकरची शिट्टी. म्हणजे ऑफिस वगैरे नव्हतं, कुणाचं तरी घर होतं. मी सगळी कहाणी सांगायला घेतली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "ताई, त्यांना स्वतःला थांबायचंय का?" मग विचारलं, शेवटची कधी घेतली, हात थरथरतात का, फिट आली होती का, औषधं चालू आहेत का. मग वार, वेळ, गल्ली, शाळा. मराठीतली ही, हिंदी-इंग्रजीतल्या दुसरीकडं, कॅम्पात चर्चच्या खोलीत वगैरे. "ही क्लोज्ड आहे, फक्त ज्याचा त्रास त्याच्यासाठी. घरच्यांसाठी ओपन मीटिंग असते, ती कळवू. आता त्यांना फोन द्या." दादानं फोन घेतला आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. काचेतून मला फक्त त्याची मान हलताना दिसत होती. तो अनोळखी माणसाशी इतका वेळ बोललेला मी कधी पाहिला नव्हता.

पुढं मी वाचत गेले तेव्हा कळलं की ही सगळी गोष्टच मुळात अशा एका फोनपासून सुरू झाली आहे. १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रन गावी, न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. बिल त्याचं नाव. काही महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, धंद्याचं काम फसलेलं, परक्या गावात एकटा. एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या नंबरांची यादी. त्यानं फोन लावायला सुरुवात केली. मदत करा असं तो सांगत नव्हता, मला बोलायला एखादा दारुडा शोधून द्या असं सांगत होता. नंबरामागून नंबर करत शेवटी एका बाईंनी त्याची गाठ बॉब नावाच्या डॉक्टरशी घालून दिली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. संध्याकाळी पाचला बसलेले ते दोघं उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टर बॉबनी शेवटचा घोट घेतला, आणि तो दिवस ए.ए.चा जन्मदिवस मानतात. हे वाचताना मला आमच्या गॅलरीचं बंद दार दिसत होतं. शोधणाऱ्याला जेवढी गरज, तेवढीच सापडणाऱ्यालाही असते. फोनवरच्या त्या माणसाचा आवाज इतका तत्पर का होता, ते मला तेव्हा उमगलं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होते. समोर वाइन शॉप. लाल-पिवळे दिवे, दुरून वाचता येतील अशी अक्षरं, जाळीपुढं छत्र्यांची रांग. कुणाला पत्ता विचारावा लागत नव्हता. कढईतून निघालेल्या कांदाभज्यांचा वास येत होता, गजरेवाली ओल्या कापडाखाली मोगरा झाकत होती. रांगेतला एकेक जण क्वार्टर खिशात सरकवून पुढं जात होता, आणि मी प्रत्येकाकडं पाहून मनात म्हणत होते, बाबा रे, मागं वळ, वरच्या मजल्यावर डाव्या हाताला खोली आहे. उठून सांगावं असंही वाटलं. पण कुणाच्या खांद्याला हात लावून असं सांगता येत नाही, आणि आधी त्यानं स्वतः विचारावं लागतं, हे फोनवरच्या पहिल्याच प्रश्नात होतं.

तासाभरानं जिन्यावर पावलं वाजली. मी मुद्दाम चेहरे पाहिले नाहीत, पायांकडं पाहत राहिले. पॉलिश केलेले बूट, रबरी चपला, कॉलेजातल्या मुलांचे असतात तसले जाड तळाचे स्पोर्ट्स शूज, आणि एक कोल्हापुरी, अगदी सावकाश उतरणारी. दादा शेवटी आला. बसमध्ये खिडकीशी बसून बराच वेळ गप्प होता. दांडेकर पुलाजवळ म्हणाला, "कुणी काही विचारलं नाही मला. मी बोललो नाही तरी चाललं."

ओपन मीटिंगला मी नंतर गेले. तिथं काय ऐकलं ते लिहिणार नाही, कारण खोलीतलं खोलीत ठेवायचं असं सगळ्यांना सांगतात आणि मला तो नियम फार मोलाचा वाटतो. दादाचं लिहिते आहे ते त्याला वाचून दाखवून. एवढं मात्र सांगते की शेवटी एक कापडी पिशवी फिरते. मी पर्समधून नोट काढली, तर शेजारच्या गृहस्थांनी पिशवी हलकेच पुढं सरकवली. "ताई, तुमच्याकडून नाही घेता येत. आमचा खर्च आमचा आम्हीच करतो." खोलीचं भाडं, चहा, पुस्तकं, सगळं त्या पिशवीतून. मला तेव्हा लागलं. वाटलं, माझ्या भावाला तुम्ही उभं करताय आणि माझे पैसे तेवढे नकोत?

खरं सांगायचं तर त्या नोटेआड दुसरंच काहीतरी होतं. आईचं रडणं, वहिनीनं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घातलेल्या शपथा, माझं रात्र-रात्र समजावणं, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि खोलीभर परकी माणसं, ज्यांची आडनावं त्याला आजही माहीत नाहीत, त्यांचं मात्र पोचलं. आनंद झाला, पण त्यात कडू चव होती. वहिनी माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते. "मी इतकी वर्षं तेच सांगत होते. माझं ऐकू आलं नाही, तिथल्या कुणाचं आलं." ती आता अल-अनॉनला जाते, बिलच्या बायकोनं, लोइसनं, १९५१ साली घरच्यांसाठी जे सुरू केलं ते. तिथं तिला सांगितलं की हे तू घडवलं नाहीस, तुला ते काबूत ठेवता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही. ऐकून तिला आधी संतापच आला. मग मी काय करत होते इतकी वर्षं, म्हणाली. तरी पुढच्या वेळी गेली. अजूनही दादा घरी आला की ती दारातच त्याच्या जवळून एकदा जाते, वास घ्यायला. ते त्याला कळतं. तो थांबतो, तिला घेऊ देतो.

मधे एकदा तो घसरला. कारखान्यातल्या कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी होती. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र दुसऱ्याच संध्याकाळी त्या खोलीत जाऊन आला. "काय म्हणाले?" मी विचारलंच शेवटी. "या, बसा म्हणाले."

आता त्या शाळेत संध्याकाळचे क्लास सुरू होणार आहेत आणि गटाला दुसरी खोली शोधायची आहे. बँकेतल्या नोकरीमुळं माझ्या चार संस्थांशी ओळखी आहेत, म्हणून दादानं मला विचारलं, आणि मी हल्ली तेच करत फिरते. एका ट्रस्टच्या चिटणीसांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे इथं दारुडे येणार?" मी म्हटलं, "सोडलेले येतील, सोडू पाहणारे येतील. तासभर बसतील, चहा पितील, खुर्च्या जागेवर लावून जातील." त्यांनी नाही म्हटलं. दुसरीकडं एका बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "बाहेर बोर्ड लावणार का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला आणि बोलणं पुढं सरकलं. मला त्यांचा राग आला नाही. ज्या बोर्डाच्या नसण्यानं आम्ही फाटकाशी घुटमळलो, तो असता तर दादा जिना चढलाच नसता. बोर्ड नकोच. पण आसपासच्यांना ठाऊक असायला हवं. म्हणून मी आमच्या औषधाच्या दुकानात, डॉक्टरांच्या कंपाउंडरकडं, सोसायटीच्या वॉचमनकडं वार आणि वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या देऊन ठेवल्या आहेत. कंपाउंडर म्हणाला की त्यातल्या दोन गेल्या. कुणी नेल्या ते मी विचारलं नाही.

गुरुवारी नदीपलीकडच्या एका वाचनालयात जायचं आहे. मागच्या बाजूची खोली आहे, जिन्याला कठडा आहे, कोल्हापुरी घालणाऱ्या आजोबांना तो लागतो. पंखा चालतो, पिण्याच्या पाण्याची सोय आहे, चहाची शेगडी ठेवू देतील असं वाटतं. भाडं किती ते अजून विचारायचं आहे. आणि जागा पक्की झाली तर चिठ्ठ्यांवरचा पत्ता बदलून त्या पुन्हा सगळीकडं वाटाव्या लागतील.